ताईचा तुकडा

बर्फाचा डबा आला तेव्हा मी शंकाच्या खुर्चीच्या गादीखाली रबरी पिशवी सरकवत होतो, बसलं की पादल्यासारखा आवाज करणारी. या वयात हे शोभतं का, असं मला आता कुणी विचारत नाही. विचारून उपयोग नाही, हे सगळ्यांना कळून चुकलंय. शंका ही लॅबमधली माझ्या बरोबरीची. तिला उजाडल्याचीसुद्धा शंका येते, म्हणून हे नाव मी ठेवलं आणि ते इतकं चिकटलं की पगाराच्या दिवशी तीच चुकून तशी सही करायला निघाली होती. मला ती टवाळ म्हणते. फिट्टंफाट. आणि माझं काम विचाराल तर मी मेंदूतल्या पेशींना छळतो. पगारी. समोरच्या इमारतीत ऑपरेशन थिएटर आहे. तिथे कुणाच्या डोक्यातून काढलेला एखादा तुकडा, जो नाहीतर कचऱ्यात जाईल, तो गार मिठाच्या पाण्यात बुडून आमच्याकडे येतो. बाटलीवर नुसता आकडा, नाव नाही. आम्ही त्याचे पातळ काप करतो, त्यांना प्राणवायूचे बुडबुडे आणि साखर देऊन पोसतो, मग ते दीड-एक दिवस जगतात, आणि जगतात तोवर आम्ही त्यांना प्रश्न विचारतो. तर डबा आला, मी झाकण उघडलं, बाटली उचलली, आणि खिशात फोन वाजला. भावोजी. खांद्याने फोन कानाशी दाबला. "झालं रे ऑपरेशन," ते म्हणाले, "तुझ्या ताईचं. व्यवस्थित झालं." मी म्हटलं, "कुठलं ऑपरेशन? ते पुढच्या आठवड्यात आहे ना?" "दुसऱ्या कुणाचं रद्द झालं, आपला नंबर वर आला. ती म्हणाली, त्याला आधी सांगायचं नाही, झाल्यावर सांगायचं. आता मी पडलो तिचं ऐकणारा माणूस." बाटलीत, पाण्याच्या मधोमध, बोटाच्या पेराएवढं काहीतरी तरंगत होतं. करडं, एका कडेला गुलाबी. समोरच्या इमारतीत मेंदूची ऑपरेशनं करणारे डॉक्टर एकच, आणि दिवसाला होतं एकच. "अरे, आहेस का?" भावोजी म्हणाले. "आहे," मी म्हटलं, "हातातच आहे." "काय हातात?" "फोन."

आमच्या लॅबचा एक नियम आहे. नियमांच्या बाबतीत मी एकूण सैल माणूस, पण हा कधी मोडला नव्हता: ओळखीच्या माणसाचा तुकडा आला तर हात लावायचा नाही, सांगायचं आणि बाजूला व्हायचं. मी सांगितलं. अगदी लगेच सांगितलं. शंका आली, खुर्चीवर बसली, पिशवी वाजली. ती मख्ख चेहऱ्याने म्हणाली, "झालं समाधान?" मी हसलो नाही. म्हटलं, "शंका, हा माझ्या ताईचा आहे." ती हातमोजे चढवत म्हणाली, "मागच्या खेपेला तुझ्या सासूबाईंचा होता. म्हणून आकाराने लहान." "या वेळी खरं सांगतोय." "त्या वेळीही तू असंच म्हणाला होतास, डोळ्यांत पाणी आणून." मग मी बाईंना फोन लावला. बाई म्हणजे आमच्या मुख्य, त्या दिवशी कुठल्याशा बैठकीत अडकलेल्या. "बाई, हा तुकडा माझ्या बहिणीचा आहे." पलीकडून खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. मग बाई दबक्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या समोर सहा माणसं बसलीयत आणि तुला मस्करी सुचतेय? काप कर लवकर. आणि पोटॅशियमची पूर्ण मालिका हवी मला, गारपासून सदतीस अंशांपर्यंत." मी फोन ठेवला. मनात आलं, एवढी वर्षं खोटं बोलून मी जे कमावलं ते आज एकदम हातात पडलं. आता मी काहीही खरं बोलू शकतो, कुणी आडवं येणार नाही. आणि तुकडा तर थांबत नाही. बाजूला झालो असतो तर तो त्या बाटलीतच मेला असता, आणि तो कुणाचा ते मला माहीत असताना मेला असता.

ताई चष्म्याच्या काचा घासते. फिरत्या चाकावर काच धरायची, वर पाण्याची बारीक धार, आणि नुसत्या बोटांच्या अंदाजाने कडेला वळण द्यायचं. तिच्या दुकानात दिवसभर ओल्या दगडासारखा वास येतो. तिच्या एका बोटाचं टोक सपाट आहे, चाकापुढे बसलेली असताना फिट आली त्या दिवसापासून. त्यानंतर भावोजी तिला चाकाला हात लावू देईनात. ती काउंटरवर बसून लोकांना फ्रेमा दाखवायची आणि मागच्या खोलीत दुसरं कुणी काच घासत असलं की तिचा जबडा आवळायचा. फिटचा फार गाजावाजा नसायचा. ती थांबायची, कुठेतरी बघायची, ओठ चघळल्यासारखे हलायचे, आणि मग परत यायची, कुठे गेली होती ते माहीत नसलेली. पण त्याच्या आधी एक काहीतरी यायचं. ते तिने डॉक्टरांना कितीतरी उशिरा सांगितलं. मला मात्र लहानपणीच सांगितलं होतं, कारण मी तिला दचकवायचा चंग बांधला होता. दाराआड उभं राहायचं, पलंगाखालून पाय धरायचा, भिजवलेला गार हात मानेवर ठेवायचा. जगात सगळ्यांना मी दचकवलंय, ताई काही दचकायची नाही. एकदा असाच दाराआड श्वास रोखून उभा होतो तर ती कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, "तू दाराआड आहेस. माझ्या मागे दुसरं कुणीतरी आहे. गर्दी करू नका रे दोघं." मग तिचे ओठ हलायला लागले. मी दाराआडून बाहेर आलो तर खोलीत ती एकटीच होती, हातात उशीचा अभ्रा. नंतर विचारलं, कोण असतं गं? म्हणाली, "ओळखीचं असतं." बाई की बुवा? "ओळखीचं," ती म्हणाली, "एवढंच." मला खरंतर तेव्हा हेवा वाटला होता. माझ्या मागे कधी कुणी नसायचं.

तुकडा कापायला बसलो. थरथरतं पातं असतं, बर्फाने वेढलेल्या पाण्यात ते मुंगीच्या चालीने पुढे सरकतं, आणि तुकड्यातून पारदर्शक पापुद्रा सुटून तरंगतो. तीन काप चांगले निघाले. दोन शंकाने नेले. ती मेलेल्या कापांवर काम करते, तिने ते लगेच औषधात घालून कायमचे गोठवले. तिसरा माझा. त्याला रंग पाजला. हा रंग कॅल्शियम भेटलं की हिरवा उजळतो. मग काळा पडदा ओढून मायक्रोस्कोपच्या खोलीत बसलो. ती खोली मला आवडते. तिथे अंधारात मी कितीजणांच्या पाठीत बोट खुपसलंय. त्या दिवशी मात्र स्टुलावर बसलो आणि उठून स्टूल भिंतीला टेकवून पुन्हा बसलो.

सांगायला सोपं आहे ते. पेशीच्या आत पोटॅशियम ठासून भरलेलं, बाहेर नावाला. या फरकावर तिचा सगळा ताठा. बाहेर थोडं पोटॅशियम वाढवलं की ताठा उतरतो, दारं उघडतात, आणि बाहेर टपून बसलेलं कॅल्शियम आत घुसतं. कॅल्शियम म्हणजे निरोप. ते आत आलं की पेशी काहीतरी करते. शेजारणीला हाक मारते, एखादी गोष्ट धरून ठेवते. फारच आलं आणि निघालंच नाही, तर मरते. आणि हे सगळं किती वेगात होणार ते ठरवतो गारवा. गार असलं की दारं जड होतात, आत आलेलं बाहेर काढणारे पंप पेंगतात, म्हणून उजेड सावकाश चढतो आणि रेंगाळतो, निघतो निघतो म्हणत चपला घालून दारातच गप्पा मारणाऱ्या पाहुण्यासारखा. अंगाच्या उबेत तोच उजेड चटकन येतो, चटकन जातो. पण उबेत पेशी खातेही भराभरा आणि संपतेही लवकर. म्हणजे गार ठेवली तर टिकते पण बोलत नाही, ऊब दिली तर बोलते पण टिकत नाही. हे मी नव्या लोकांना दरवर्षी हसत हसत शिकवतो. शेवटची पायरी, सदतीसला पोटॅशियमचा मोठा लोट, तिला आम्ही "निरोप समारंभ" म्हणतो. त्यानंतर काप सहसा उठत नाही. हे नावही मीच ठेवलेलं.

गारमध्ये पोटॅशियमचा घोट दिला. उजेड आला, लोळत लोळत आला, थांबला, ओसरला. मी आकडे लिहीत होतो आणि मनात आमच्या घरातली ती खोली होती, ताईला ताप भरला होता ती. मी फार लहान. बाबा तिच्या कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवत होते, पट्टी ठेवली की वाफ निघेल असं मला वाटायचं, म्हणून मी जवळ जाऊन बघत होतो. तिचा हात माझ्या हाताला लागला, चुलीवरून काढलेल्या भांड्यासारखा. मग तो हात आपोआप उडायला लागला. ती पहिली फिट. आई म्हणाली, "खिडक्या उघडा, खिडक्या उघडा," आणि घरभर खिडक्या उघडत सुटली, बाहेरचं गार आत यावं म्हणून. डॉक्टर पुढे कधीतरी म्हणाले, त्या तापातच आत कुठेतरी जळकी जागा राहिली असणार. मला तेव्हापासून वाटायचं की त्या दिवशी उघड्या खिडक्यांतून गारव्याबरोबर कुणीतरी आत आलं आणि आईने नंतर खिडक्या लावून घेतल्या. म्हणजे ते आतच राहिलं. मी असल्या गोष्टी कुणाला बोललो असतो तर लॅबमध्ये माझी सालटी काढली असती. मी दुसऱ्यांची काढतो ना.

दुपारी मी पाणी सदतीसवर नेलं. अजून पोटॅशियम काही दिलं नव्हतं. पेशींना उबेत जरा स्थिरावू द्यायचं असतं. पडद्यावर काळोख, त्यात करडे ठिपके. मी चहाचा कप उचलला, आणि डाव्या कोपऱ्यातला एक ठिपका उजळला. मग त्याच्या शेजारचा. मग त्याखालचे दोन, एका पाठोपाठ एक, अंधाऱ्या जिन्यावरून कुणी कंदील घेऊन उतरावं तशी एक लाट कापाच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत गेली आणि विझली. मी कप ठेवला. थोड्या वेळाने पुन्हा. तोच ठिपका पहिला, तोच दुसरा, तोच क्रम. पुन्हा. कुणी काही विचारलेलं नसताना. पाठ भिंतीला टेकलेली होती, तरी मी हात मागे नेऊन भिंत चाचपली. हेच का ते? ताई घड्या घालत असताना, काच घासत असताना, हाच जिना उतरून ते येत होतं का? आणि आता तिच्या डोक्यातून काढल्यावरही, बोटाएवढ्या काचेच्या डबीत, ते उतरतंयच. त्याला माहीत नाही की खाली घर नाही.

"काय रे, भूत बघितल्यासारखा बसलायस," शंका पडदा सारून आत आली. तिने दोन लाटा बघितल्या. मग पडद्याकडे न बघता खाली हीटरकडे बघितलं. आमचा हीटर म्हातारा आहे. पाणी सदतीसला एकसारखं ठेवत नाही, डुलक्या घेतो. लाल दिवा लागतो, विझतो. "टवाळ," ती म्हणाली, "दिवा बघ. लाट बघ." मी बघितलं. ताल जवळजवळ सारखा. "गरम झालं की रंग मंदावतो, गार झालं की उजळतो. रंगच तसा आहे. आणि पाणी येतं डावीकडून. म्हणून तुझी लाट डावीकडून. पेशी काही बोलत नाहीयेत, हीटर उचक्या देतोय." मी म्हटलं, "आणि क्रम?" "पाणी ज्या क्रमाने पोचतं तो क्रम." "हीटर बंद करून बघू." "बंद केलास तर काप गार पडेल, मग पेशीही गप्प आणि हीटरही गप्प. त्यातून काय कळणार, कप्पाळ?" "मग पेशींना गप्प करायचं, नस बधिर करणारं औषध?" "मागवून महिना झाला, अजून आलेलं नाही." शंका आली की ती खालचा ओठ चावते, तसा चावला. "एकच होऊ शकतं. निरोप समारंभ करून टाक. पेशी मेल्या की हीटर तसाच चालू ठेव. मेलेल्या कापावरही हीच लाट आली तर हीटर. नाही आली, तर होतं काहीतरी." तिने पडदा सोडला. मी पोटॅशियमच्या नळीवर हात ठेवला. ठेवला आणि काढला. मग हीटर बंद केला, गार पाणी सोडलं. लाटा लांबल्या, फिकट झाल्या, थांबल्या. काप पुन्हा करडा. बाईंचा फोन आला तेव्हा सांगितलं, नळी तुंबलीय, उद्या सकाळी करतो. हे मात्र त्यांना लगेच पटलं.

संध्याकाळी भेटायच्या वेळेत काचेच्या पुलावरून समोरच्या इमारतीत गेलो. त्या पुलाच्या काचांत आपलंच प्रतिबिंब दोन्ही बाजूंनी बरोबर चालत असतं. एरवी मी त्याला वाकुल्या दाखवतो. ताई उशांना टेकून होती, डोकं पट्ट्यांचा पांढरा गोळा, त्याखाली चेहरा लहान झालेला. भावोजी खुर्चीत. "आलास?" ती म्हणाली. आवाज घोगरा होता. "आलो." "मिळाला?" "काय?" "येड्या, माझा तुकडा." ती हसली आणि हसताना कळवळली. भावोजी म्हणाले, "हसवू नको रे तिला, टाके आहेत." "मी काही केलं नाही." "या वेळी मी केलंय," ताई म्हणाली. "डॉक्टरांनी विचारलं, काढलेलं समोरच्या संशोधनवाल्यांना दिलं तर चालेल का. म्हटलं, द्या की. तिथे माझा भाऊ बसतो हे सांगितलं नाही. आयुष्यभर आमची फिरकी घेतलीस, म्हटलं एकदा आपणही घेऊ. दचकलास की नाही?" "दचकलो." "खरं?" "खरं." ती समाधानाने डोळे मिटून पडली. भावोजी म्हणाले, "दोघं भावंडं सारखीच. मी चहा घेऊन येतो."

ते गेल्यावर तिने डोळे उघडले. हसणं कुठेच नव्हतं. "इथे कुणी नाही रे," ती म्हणाली. "मी आहे की." "तू आहेस. तसं नाही. शुद्धीवर आल्यापासून पाठ नुसती गार पडलीय. सिस्टरला म्हटलं, दार लावा. ती म्हणाली, लावलेलंच आहे." सपाट बोट आत घेऊन वळलेली तिची घट्ट मूठ चादरीवर होती. "रोज थोडंच यायचं ते? पण येणार हे असायचं. तुला नाही कळायचं. तुझ्या घरातली कुणी खोली कधी कमी झालीय का?" मग म्हणाली, "त्यात आहे का ते? मस्करी नको." मी सांगितलं. लाट सांगितली, हीटर सांगितला, कळायचा एकच मार्ग तोही सांगितला. "म्हणजे मारल्याशिवाय कळणार नाही," ती म्हणाली. "हो." "आणि गार ठेवलंस तर?" "उद्या दुपारपर्यंत ओढेन. परवापर्यंत नाही. पण गप्प." "गप्प, पण असेल." "असलं तर." मी पटकन म्हटलं, "मी ठेवतो गार. बाईंना सांगतो नळीच तुंबलीय अजून. मला शंभर कारणं येतात." बाहेर कुणाची तरी ढकलगाडी एका चाकाने कुरकुरत गेली. "नको," ती म्हणाली. "पुढच्या महिन्यात मला चाकापुढे बसायचंय. ते जर त्या तुकड्यात असेल तर गेलं, फिटही गेली, मी बसू शकते. नसेल, तर ते अजून माझ्यातच आहे, जरा घाबरून दडलंय, आणि ते आलं की त्याच्या पाठोपाठ फिट येणार. मग मी बोटं कुठे ठेवू? मला कळायला हवं रे." "आणि तुला काय हवंय?" मी विचारलं. ती म्हणाली, "ते नको विचारूस."

सकाळी लॅबमध्ये गेलो तेव्हा काप होता. गार पाण्यात निपचित, पण कडा अजून नितळ, म्हणजे जिवंत. रस्त्याने येताना मी दोनदा थांबून चपलेचा पट्टा ठीक केला होता, चपलेला पट्टा नसताना. हीटर लावला. पाणी चढत गेलं तसं माझंच अंग तापल्यासारखं झालं. सदतीस. काळोख. आणि मग डाव्या कोपऱ्यातला तोच ठिपका, त्याची शेजारीण, खालच्या दोघी. उतरत आलं. मी स्वतःला खूप वेळ बघू दिलं. किती वेळ ते सांगत नाही. एका क्षणी मी चक्क त्याच्याशी बोललो. शंका पडद्याबाहेर होती, तिने ऐकलं असणार. मी म्हटलं, "ताई बरी आहे." एवढंच. मग नळी उघडली.

पोटॅशियम पोचायला जरा वेळ लागतो. आधी डावी कड उजळली, मग सगळंच. क्रम नाही, पाळी नाही, सगळ्या पेशी एकदम, जथ्थ्याने ओरडावं तशा. पडदा हिरवा झाला, मग पांढुरका, डोळ्यांना टोचेल असा. माझा चेहरा त्या उजेडात दिसत असणार. आता ओसरेल, असं मी दर वेळी मनात म्हणतो, नव्या लोकांना सांगतोही, बघा, आता पंप बाहेर काढतील. ओसरलं नाही. आलेलं कॅल्शियम आतच बसलं. मी साधं पाणी सोडून पोटॅशियम धुऊन काढलं, तरी ठिपके तसेच जळत राहिले, कुणी नसलेल्या घरात दिवे चालू राहावेत तसे. त्याला आम्ही मेलं म्हणतो. हीटर चालू होता. लाल दिवा लागला, विझला, लागला. मी पाय स्टुलाच्या दांडीत अडकवून बसलो होतो. शंका केव्हा आत येऊन उभी राहिली कळलं नाही. मी दचकलो, जोरात, आणि तिला त्याचं हसू आलं नाही. तिने आलेखाची रेषा बघितली. दिवा लागला की सगळं चित्र एकदम, एकसारखं, किंचित मंदावायचं. विझला की पुन्हा तेवढंच उजळायचं. हीटर होताच. पण डावीकडून काही येत नव्हतं. एकामागून एक काही नव्हतं. जिना होता तिथे सपाट जमीन. "म्हणजे क्रम पेशींचा होता!" शंका म्हणाली, "अरे, मी चुकले! मी कधी चुकत नाही! टवाळ, ही खरी लाट होती, बाईंना फोन..." मग तिने माझ्याकडे बघितलं. तिचा आवाज खाली आला. "खरंच तुझी ताई?" मी म्हटलं, "सांगितलं होतं." तिने हात पुढे केला आणि हीटर बंद केला.

पुलावरून जाताना जिभेवर वाक्य तयार होतं: हीटर होता, ताई, आपला म्हातारा हीटर. असली वाक्यं माझ्याकडे नेहमी तयार असतात, गरम गरम, आणि मी ती अशा चेहऱ्याने सांगतो की देवसुद्धा फसावा. हे ऐकून तिची मूठ सुटली असती. पाठीची थंडी गेली असती. आणि मग ती चाकापुढे बसली नसती. किंवा बसली असती, वाट बघत, कान मागे लावून, बोटं चाकावर. पुलाच्या काचेत माझ्या बरोबरचा तो माणूस चालत होता. त्याला मी वाकुल्या दाखवल्या नाहीत. त्यानेही नाहीत.

भावोजी खुर्चीत बसल्या बसल्या झोपले होते, तोंड उघडं. ताई जागी. मी काही बोलायच्या आत ती म्हणाली, "हळू बोल, यांना उठवू नको. एवढंच सांग. बरी झाले, की एकटी झाले?"

मी उभा राहिलो. वाक्य तोंडात होतं, गिळलं.

"दोन्ही," मी म्हटलं.

तिने मान हलवली, पट्ट्यांनी जेवढी हलू दिली तेवढी. रडली नाही. कोपऱ्यातल्या खिडकीतून येणारा उजेड तिच्या चादरीवर पडला होता, तो ती सपाट बोटाने चोळत राहिली, कडेला वळण द्यावं तसा. मग म्हणाली, "माझी मागची उशी काढ. धरून ठेव." मी उशी काढून छातीशी धरली. तिने पलंगाच्या कठड्याला हात घातला आणि अंग वळवायला लागली, आधी कंबर, मग खांदे, मग फार सावकाश ते पांढरं डोकं. मी म्हटलं, "अगं, टाके!" तिने लक्ष दिलं नाही. तिच्या कपाळाची शीर उडत होती. पूर्ण वळली आणि बघत राहिली. मागे दिव्याचं बटण होतं, प्राणवायूची तोटी होती, आणि रंग देताना कुणीतरी काढायचा विसरलेला एक खिळा.

"इतकी वर्षं मी कधी मागे बघितलं नाही रे," ती म्हणाली. "बघितलं की जाईल, असं वाटायचं."

"आता?"

"आता काय. भिंत आहे."

आणि ती भिंतीकडेच बघत बसली. माझे हात भरून आले, पण तिने म्हटलं नव्हतं, म्हणून मी उशी खाली ठेवली नाही.